‘देव चांगला आहे’ म्हणजे नेमकं काय? देवाचा स्वभाव आणि रोजचं जगणं

घरात मृत्यू झालेला असतो, नोकरी गेलेली असते, तपासणीचा अहवाल वाईट आलेला असतो, आणि ख्रिस्ती कुटुंबातलं कुणीतरी शांतपणे म्हणतं, “देव चांगला आहे.” ऐकणारा बुचकळ्यात पडतो. जे घडलं ते चांगलं घडलं, असं यांना म्हणायचंय की काय? की दुःखाकडे पाठ फिरवायची ही एक पद्धत? खुद्द मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं बसणाऱ्यांनाही ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, तर बरेच जण चाचपडतात.

त्या वाक्याचा विषय परिस्थिती नसतो, स्वभाव असतो. माणसाचा स्वभाव माहीत असला की त्याच्या एखाद्या कृतीचा अर्थ लागला नाही तरी आपण लगेच नातं तोडत नाही, थांबतो, विचारतो, प्रसंगी भांडतो. देवाबद्दल ख्रिस्ती माणूस नेमकं हेच करत असतो. म्हणून तो स्वभाव नेमका कसा सांगितला आहे, हे आधी पाहायला हवं.

दोन प्रकारचे गुण

ख्रिस्ती ईश्वरविज्ञान देवाच्या गुणांचे ढोबळमानाने दोन गट करतं. काही गुण फक्त त्याचेच: तो अनादी आहे, सर्वत्र आहे, त्याला कुणाचाही आधार लागत नाही. ते माणसात येत नाहीत आणि यायची गरजही नाही. दुसरे गुण माणसात झिरपू शकतात: दया, धीर, न्याय, सत्य, विश्वासूपणा. पहिल्या गटामुळे माणसाला टेकायला जागा मिळते, दुसऱ्यामुळे हाताला काम मिळतं. लेखाचं सूत्र खरं तर इतकंच आहे.

बायबलमधलं ‘इब्री लोकांस पत्र’ येशूला देवाच्या तत्त्वाचं ‘प्रतिरूप’ म्हणतं (१:३). तिथला ग्रीक शब्द आहे ‘खाराक्तेर’, म्हणजे ठसा, नाण्यावर उमटणारी छाप. आपण रोज वापरतो तो ‘कॅरॅक्टर’ शब्द त्याच्यापासूनच आला. देवाचा स्वभाव कसा आहे हे पाहायचं असेल तर येशूकडे पाहा, असं ख्रिस्ती लोक म्हणतात त्यामागे ही ठशाची कल्पना आहे.

हे वर्णन कुठल्या प्रसंगी आलं?

देवाच्या स्वभावाचं सगळ्यात नेमकं वर्णन बायबलच्या निर्गम या पुस्तकात (३४:६-७) आहे, आणि ते कधी आलं याला फार महत्त्व आहे. सीनाय डोंगरावर इस्राएल लोकांचा पुढारी मोशे ४० दिवस होता. तेवढ्यात खाली लोकांनी सोन्याचं वासरू बनवून त्याची पूजा मांडली. मोशेनं आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या. देवाशी करार झाल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि तो मोडलासुद्धा. अशा वेळी मोशे देवाकडे मागतो, “तुझं तेज मला दाखव.” देव म्हणतो, माझा सगळा चांगुलपणा मी तुझ्यापुढून नेईन. मागितलं होतं तेज, मिळाली ती स्वभावाची ओळख. दोन नव्या पाट्या घडवून मोशे पहाटे वर चढला आणि मग हे शब्द आले: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेनं आणि सत्यानं भरलेला.

सुखाच्या दिवसांत हीच ओळख झाली असती तर ती नुसती स्तुतीची विशेषणं वाटली असती. इथे ती ऐकणारे लोक नुकतेच चुकलेले आहेत. पुढे गणना १४, नहेम्या ९, योएल २, स्तोत्रं ८६, १०३ आणि १४५ अशा कितीतरी ठिकाणी हेच शब्द पुन्हा येतात. ज्यू परंपरेत या दोन वचनांतून दयेचे तेरा गुण मोजतात आणि प्रार्थनेत म्हणतात.

लांब नाकाचा देव

‘दयाळू’साठी हिब्रू शब्द आहे ‘रहूम’. तो ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या नात्यातला. मराठीत आपण ‘पोटातून माया’ म्हणतो, अगदी तसंच. ‘कृपाळू’ म्हणजे ‘हन्नून’: पात्रता न पाहता देणारा. योहान या नावातही हाच धातू आहे.

‘मंदक्रोध’ या शब्दाजवळ मात्र थोडं थांबू. मूळ शब्द ‘एरेख अप्पायिम’, आणि त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘लांब नाकाचा’. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक, आणि ‘अफ’ म्हणजेच राग. राग आला की श्वास फुलतो, नाकपुड्या तापतात. मराठी माणसाला हे समजायला शब्दकोश लागू नये. तापट माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आपणही म्हणतोच. कल्पना अशी, की या नाकाची लांबीच एवढी की ते तापायला फार वेळ लागतो.

राग येतच नाही, असं मात्र वचन म्हणत नाही. पुढच्याच ओळीत दोषी माणसाला निर्दोष ठरवलं जाणार नाही, असंही आहे. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे त्याला कधीच न रागावणाऱ्या देवाचा काय उपयोग? अन्याय पाहूनही ज्याला काहीच वाटत नाही, त्याला सहनशील म्हणत नाहीत, बेपर्वा म्हणतात.

उरले दोन शब्द. ‘हेसेद’ला मराठीत एक नेमका शब्द नाही, दया, वात्सल्य, निष्ठा हे सगळं त्यात येतं. दिलेला शब्द समोरच्यानं मोडला तरी आपण न मोडणारं प्रेम, असं म्हणता येईल. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं आहेत आणि २६ वेळा ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येतं. ती दया म्हणजे हेसेद. दुसरा शब्द ‘एमेत’: सत्य, भरवशाचा. ‘आमेन’ याच धातूचा. प्रार्थनेच्या शेवटी सवयीनं आमेन म्हणताना ‘हे पक्कं आहे, यावर भार टाकता येतो’ असं आपण म्हणत असतो.

निर्गम ३४ च्या त्याच वचनात एक प्रमाणही आहे, आणि लोक नेमकं तेच उलटं लक्षात ठेवतात. वडिलांच्या पापाचे परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, पण दया हजारोंपर्यंत (अनुवाद ७:९ तर सरळ ‘हजार पिढ्या’ म्हणतं). शिवाय यहेज्केल १८ मध्ये स्पष्ट केलं आहे की मुलगा बापाच्या पापाचा दंड भोगणार नाही. तरीही ‘आमच्या घराण्यावर शाप आहे’ या धास्तीत जगणारे विश्वासणारे भेटतात. त्यांनी हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

देव असा असेल, तर एवढं दुःख का?

हा आक्षेप सगळ्यात जुना आहे आणि बायबल तो दडपत नाही. प्रत्येक दुःखाचं कारण मात्र ते सांगत नाही. सगळं गमावलेल्या सज्जन ईयोबाला त्याच्या संकटाचं कारण शेवटपर्यंत कळत नाही.

विलापगीत पाहा. यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं (इ.स.पू. ५८७ किंवा ५८६), त्या उद्ध्वस्त शहराबद्दलच्या या पाच कविता. मधल्या, तिसऱ्या अध्यायात ६६ वचनं आहेत: हिब्रूतली २२ अक्षरं क्रमानं, प्रत्येकावर तीन. ‘परमेश्वराची दया दररोज सकाळी नवी होते’ हे सुप्रसिद्ध वाक्य त्याच अध्यायात येतं (३:२२-२३). पण पुस्तक तिथे थांबत नाही. पुढचे दोन अध्याय पुन्हा भूक आणि राख यांचे आहेत, आणि शेवटचं वचन ‘तू आम्हाला अगदीच टाकलंस का?’ अशा शंकेवर येऊन थांबतं. भिंतीवर लावायला आपण मधलं वाक्य तेवढं कापून घेतो. त्यामुळे ज्याचं दुःख तिसऱ्या अध्यायात संपलं नाही, त्याला आपलाच विश्वास कमी पडला असं वाटत राहतं.

मग उपयोग काय? इब्री ६:१९ मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, आणि तो कशात रुतला आहे हेही आदल्याच वचनात सांगितलं आहे: देव खोटं बोलू शकत नाही, या त्याच्या स्वभावात. नांगर लाटा थांबवत नाही. नाव डोलते, पाणी आत येतं, पोटात ढवळतं. ती वाहून जात नाही, इतकंच. आणि नांगराची एक गोष्ट किनाऱ्यावरच्यांना सहसा माहीत नसते: दोर पाण्याच्या खोलीएवढाच ठेवून चालत नाही. दोर आखूड असला की प्रत्येक लाट नांगराला वरच्या दिशेनं ओढते आणि तो उखडतो. म्हणून खोलीच्या साधारण पाच ते सात पट दोर सोडतात. मग ओढ आडवी लागते आणि नांगर अधिकच रुततो. वादळ आल्यावर पहिल्यांदा बायबल उघडणाऱ्याचा दोर बहुधा आखूड पडतो. देव त्याला टाकतो असं नाही, पण ज्या स्वभावावर भार टाकायचा, तो त्याच्या ओळखीचाच नसतो.

स्वभाव कळला म्हणजे वेळापत्रक कळलं, असं नाही

सगळ्यात जास्त निराशा इथे होते. देव प्रेमळ आहे म्हणून ही नोकरी मिळेलच, हा आजार महिन्यात बरा होईलच, असं गणित मांडलं जातं. ते चुकलं की आधी आशा जाते आणि मग विश्वास. या गणिताला तीन वचनं विशेष बळी पडतात.

यिर्मया २९:११, ‘तुमच्याबद्दलचे माझे विचार हिताचे आहेत’. हे बाबेलला बंदी म्हणून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं वाक्य. आदलं वचन वाचलं की कळतं, सुटका ७० वर्षांनी होणार आहे. पत्र वाचणाऱ्या बहुतेक प्रौढांना ती पाहायला मिळणार नव्हती. मधल्या काळासाठी त्यांना काय सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा.

फिलिप्पै ४:१३, ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो’. हे प्रेषित पौलानं बंदिवासातून लिहिलं आहे, आणि ‘सर्व काही’ म्हणजे काय ते आदल्या वचनात आहे: भरपूर असताना आणि उपाशी असताना, दोन्हींत राहणं. परीक्षेतल्या यशाशी त्याचा संबंध ओढूनताणून लावावा लागतो.

रोम ८:२८, ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’. कल्याण म्हणजे काय, ते २९ व्या वचनात दिलं आहे: पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, प्रतिरूपासारखं होणं. ज्याला हवं ते मिळालं नाही, त्याच्या तोंडावर २८ वं वचन एकटं फेकू नये.

देव बदलत नाही, तर प्रार्थना कशाला?

गणना १४ मध्ये लोक पुन्हा बंड करतात. मोशे तेव्हा देवाचेच शब्द त्याच्यापुढे ठेवतो: तूच म्हणाला होतास ना, मी मंदक्रोध आहे? मग तसाच वाग. बायबलमधली बरीच प्रार्थना अशी असते, देवानं स्वभाव बदलावा म्हणून नव्हे, स्वभावाला जागावं म्हणून. देव उत्तर देतो, तुझ्या म्हणण्याप्रमाणे क्षमा केली. पण ४० वर्षांची वणवण टळली नाही. क्षमा मिळणं आणि परिणाम पुसले जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनातून किंवा कर्जातून सावरणाऱ्याला हे आधीच सांगायला हवं, नाहीतर पहिला हप्ता भरताना त्याला वाटतं की क्षमा झालीच नाही.

‘क्षमा मिळणारच असेल तर हवं तसं वागू’ हा आक्षेप पौलानं रोम ६:१-२ मध्ये स्वतःच मांडून ‘कदापि नाही’ म्हणून उडवून लावला आहे. आणि तसंही, ज्याला समोरच्याचं प्रेम खरंच कळलं आहे त्याला असा हिशेब सुचत नाही. बायबलच्या दोन भागांबद्दलची, ‘जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ’ ही तक्रारही नवी नाही. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकानं हेच म्हणून जुना करार नाकारला, आणि रोममधल्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. मंदक्रोध हा शब्द मुळात जुन्या करारातलाच, हे एवढं उत्तर पुरे.

या स्वभावाबद्दल देवाकडेच तक्रार करणारा माणूसही बायबलमध्ये आहे. शत्रूच्या निनवे शहरातल्या लोकांना क्षमा मिळाली म्हणून योना संदेष्टा चिडतो आणि म्हणतो, मला ठाऊकच होतं, तू दयाळू, कृपाळू, मंदक्रोध आहेस (योना ४:२). तेच शब्द, पण दात-ओठ खाऊन. देवाची दया स्वतःपुरती गोड आणि नावडत्या माणसापर्यंत गेली की कडू, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.

आधारातून काम कसं निघतं?

‘माझ्या जगण्याचा हेतू काय’ असं विचारलं की लोकांना काहीतरी भव्य उत्तर हवं असतं. लेवीय १९ चं उत्तर फार जमिनीवरचं आहे. सुरुवात होते ‘तुम्ही पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे’ अशी, आणि पुढे काय येतं? शेताच्या कडा पूर्ण कापू नका, गरिबासाठी ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. तराजू, वजनं आणि मापं खरी ठेवा. देवाची पवित्रता माणसाच्या हातात आली की ती वजनाच्या दगडासारखी दिसते. ज्याला आपल्या कामात ‘देवाची सेवा’ कुठे आहे ते दिसत नाही, त्यानं विचारावं: मी ज्याचे पैसे द्यायचे आहेत ते कधी देतो? माझ्या हिशेबातला आकडा खरा आहे का?

दुसरा धागा भाषांतरामुळे आपल्या नजरेतून निसटतो. निर्गम ३४ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘मंदक्रोध’साठी ‘माक्रोथुमॉस’ हा शब्द आहे. गलती ५:२२ मध्ये आत्म्याच्या फळाचे नऊ पैलू सांगताना पौल त्याच शब्दाचं नाम वापरतो, ‘माक्रोथुमिया’. मराठीत पहिल्या जागी ‘मंदक्रोध’ आणि दुसऱ्या जागी ‘सहनशीलता’ आलं, त्यामुळे नातं दिसेनासं झालं. जो गुण सीनायवर देवाचा म्हणून जाहीर झाला, तोच आता माणसात फळ म्हणून उगवावा, अशी अपेक्षा आहे. याकोबाच्या पत्रात त्याचं अगदी घरगुती रूप आहे: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद (१:१९). चौथ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांना चौथ्यांदा नीट उत्तर देणं, हे देवाच्या स्वभावाचं काम आहे.

रोज दहा मिनिटं

एका आठवड्याला एकच गुण घ्या. दहाएक वचनांपेक्षा मोठा उतारा नको. तो दोनदा वाचा आणि दुसऱ्यांदा वाचताना फक्त क्रियापदांवर लक्ष ठेवा: देव इथे काय करतो? ऐकतो, उठवतो, थांबतो, परत बोलावतो. विशेषणांवरून मन घसरतं, क्रियापदं पकड देतात. मग एक वाक्य लिहा: आज मला हे कुठे खरं वाटत नाही? आणि एक नाव लिहा: आज हा गुण कुणाच्या वाट्याला जायचा आहे? रात्री दोन मिनिटं तेवढंच तपासा.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. लोक आपल्याला आधीच आवडणारा गुण निवडतात. कडक माणूस न्याय घेतो, मवाळ माणूस दया. पहिला आठवडा उलटा घ्यावा. ‘सगळ्यांवर प्रेम करीन’ असं लिहिलं की कुणावरच होत नाही, म्हणून एकच नाव. आणि दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचं एकदम वाचायला बसतात. तसं करू नका, आजचंच वाचा.

मन जड असेल त्या दिवशी स्तोत्र १३ चा साचा वापरा. सहाच वचनं. पहिल्या दोनांत दावीद ‘कोठवर?’ असं चार वेळा विचारतो. पुढच्या दोनांत मागणी. शेवटच्या दोनांत ‘तुझ्या दयेवर मी भरवसा ठेवला आहे’, आणि ही दया म्हणजे पुन्हा हेसेदच. तक्रार गाळून थेट शेवटच्या दोन वचनांवर उडी मारायची नाही. स्तोत्रकर्त्यानं ती मारलेली नाही.

आणि शक्तीच उरली नसेल तर?

एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, मला मरण दे (१ राजे १९). देवानं त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. दूतानं स्पर्श करून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं आणि पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवून खायला लावलं, कारण ‘पुढची वाट तुला झेपणार नाही’. आधी झोप आणि अन्न, तेही दोन वेळा, मग ४० दिवसांची चाल, आणि त्यानंतर संभाषण. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, उमेद गेली असेल तर डॉक्टरकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नाही. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगून मदत घ्यावी.

चालत तो पोचला होरेबला. होरेब हे सीनायचंच दुसरं नाव मानतात. म्हणजे मोशेला स्वभावाची ओळख झाली तोच डोंगर. वारा, भूकंप, अग्नी येऊन गेले, मग एक मंद, शांत वाणी आली: “एलीया, तू इथे काय करतोस?” हा प्रश्न त्याला दोनदा विचारला गेला, आणि दोन्ही वेळा त्यानं शब्दशः तेच रडगाणं सांगितलं: मीच एकटा उरलो आहे. लांब नाकाच्या देवानं दोन्ही वेळा ऐकून घेतलं. मग सांगितलं की देवाला धरून राहिलेले अजून ७००० जण आहेत, आणि तीन कामं दिली: अरामचा राजा म्हणून हजाएल, इस्राएलचा राजा म्हणून येहू आणि स्वतःच्या जागी संदेष्टा म्हणून अलीशा, या तिघांचा अभिषेक.

एलीया खाली आला तेव्हा अलीशा शेत नांगरत होता. बैलांच्या बारा जोड्या चालल्या होत्या आणि बाराव्या जोडीबरोबर तो स्वतः होता. एलीयानं जवळून जाताना आपला झगा त्याच्या अंगावर टाकला. बाकीची दोन कामं एलीयाच्या हातून झाल्याची नोंद नाही. हजाएल आणि येहू यांच्या गोष्टी २ राजे ८ आणि ९ मध्ये येतात, अलीशाच्या काळात.